खाली: एक

सोमवारपासून माझं डोकं फिरलेलं होतं, आणि त्याला कारण होता एक लोखंडी डबा. २०११ साली घेतलेला सर्व्हर. पिंपळझोरा खाणीच्या बत्तीघरामागच्या खोलीत, एका गंजक्या कपाटावर तो कोळशाची धूळ खात बसला होता. त्याच्या जाळीवरून बोट फिरवलं की बोट काळं व्हायचं. पासवर्ड झाकणावर खडूने लिहिलेला होता आणि ज्या कंपनीने तो बसवला होता तिचा नागपूरचा फोन आता एका मंगल कार्यालयात लागत होता.

भद्रावती ते माजरी या पट्ट्यातल्या आमच्या तीन खाणींवर असे तीन सुटे सर्व्हर होते. प्रत्येकाच्या पोटात सॉफ्टवेअरने तयार केलेले तीन-तीन कॉम्प्युटर चालायचे, म्हणजे व्हर्च्युअल मशीन. एक पगाराचं, एक स्टोअरचं, एक हजेरीचं. डबा बसला की तिन्ही बसायची. ही नऊ मशिनं जशीच्या तशी उचलून एरिया ऑफिसच्या नव्या क्लस्टरवर न्यायचं काम माझ्या गळ्यात आलं होतं. क्लस्टर म्हणजे तीन नवे सर्व्हर एकमेकांना बांधलेले, एकाने मान टाकली की दुसरा त्याचं काम उचलतो. कागदावर हे तीन आठवड्यांचं काम होतं. कागदावर मी फार शांत बाई आहे.

मी मंजुषा रामटेके. वाढले ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये, बाबा वीज केंद्रात होते. ज्या कोळशावर आमचं घर चाललं तो कुठून येतो हे मी नोकरीला लागल्यावर पाहिलं. आणि ज्या कॉम्प्युटरांवर त्या कोळशाचा कारभार चालतो ते पाहिल्यावर वाटलं, आजवर आमच्या घरचे दिवे लागले ते नशिबानेच.

आठ मशिनं दहा आठवड्यांत हलली. कशी हलली ते विचारू नका. नववं अडलं. ते बत्तीघराचं होतं.

खाणीत उतरणारा प्रत्येक माणूस आधी बत्तीघराच्या खिडकीवर येतो आणि आपल्या नंबरची, टोपीला लावायची बत्ती घेतो. खिडकीमागे खुर्शीदभाई असतात. ते बत्तीवरचा बारकोड मशीनला दाखवतात, की माणूस 'खाली' गेला. परत येऊन बत्ती दिली की माणूस 'वर' आला. भिंतीवर मोठा स्क्रीन आहे, त्यावर एकच आकडा: खाली किती. खाली कोण, ही यादी पाहायची सोयही होती, पण जुन्या मशीनवर ती उघडायला अर्धा तास लागायचा आणि मधेच सगळं गोठायचं. त्यामुळे गेल्या कित्येक वर्षांत ती कोणी उघडलीच नव्हती.

नव्या क्लस्टरची एक अट होती. हजेरीचा ताबा घ्यायच्या क्षणी खाली कोणी नको, आकडा शून्य पाहिजे. ही छोटी खाण, दिवसाची एकच मोठी पाळी आणि चारनंतर सहा पंपवाले. साडेतीनला सगळे वर येतात, चारला पंपवाले उतरतात. मधला अर्धा तास माझा. सोमवारी, मंगळवारी आणि बुधवारी त्या अर्ध्या तासात मी मशीनची प्रत काढून क्लस्टरवर चालवून पाहिली, आणि तिन्ही वेळा उत्तर आलं: खाली एक.

नव्या क्लस्टरवर यादी दोन सेकंदांत उघडली. एकच ओळ. नंबर ३१७, कुलदीप मेश्राम, ड्रिलर, सकाळी पावणेआठला खाली. मी कार्मिक विभागाला फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, हा माणूस २०१६ मध्ये छत कोसळून गेला.

मी तशीच खिडकीवर गेले.

"खुर्शीदभाई, कुलदीप मेश्राम कोण?"

साठीला आलेला माणूस, पांढरी दाढी, निळा एप्रन. बत्तीची काच पुसणं त्यांनी थांबवलं नाही. "तीनशे सतरा," ते म्हणाले.

"तो गेला ना?"

"बावीस ऑगस्ट. सोमवार होता. बत्ती मीच देल्ली होती."

"मग आज सकाळी तो खाली कसा उतरला?"

"मी उतरवला."

एवढ्या साधेपणाने ते म्हणाले की मला आधी रागच आला नाही. मग आला.

"हे पाहा मॅडम," ते म्हणाले, "तुमची सिस्टीम तीस दिवस नंबर वापरला नाई का तो मोकळा करते अन् नव्या भरतीवाल्याले देते. कुलदीप गेला तवा तसंच झालं. दिवाळीच्या आंधी एका नव्या माणसाले तीनशे सतरा भेटला. त्याच्या गँगनं त्याच्यासंगं उतराले नाई म्हटलं. अख्खी पाळी खाणीच्या तोंडापाशी बसून राह्यली. तवाच्या मॅनेजर साहेबानं मले बोलावलं. म्हणे, खुर्शीद, हा नंबर चालू ठेव. सकाळी उतरव, सांजच्याले काढ. कागद नाई, काही नाई. तवापासून रोज त्याची बत्ती चार्ज करतो, उतरवतो, काढतो."

"काढता कधी?"

"सारे वर आले, देवरावभाऊची सही झाली, चारवाले उतरले, का मंग काढतो. आखरीले."

देवरावभाऊ म्हणजे पाळीचे ओव्हरमन. खाली उतरलेल्या माणसांची जबाबदारी त्यांची. ते रोज स्क्रीन पाहून 'सगळे वर' असं लिहून सही करतात, त्यानंतरच पुढची माणसं उतरतात.

"म्हणजे स्क्रीनवर एक दिसत असताना ते रोज सही करतात?"

"एक म्हणजे कुलदीप," खुर्शीदभाई म्हणाले. "साऱ्याइले मालूम आहे."

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. उद्या खाली स्फोट झाला तर बचावाची माणसं त्या आकड्यावर विश्वास ठेवून आत शिरतील, मेलेल्या माणसाला शोधत बसतील, हे बोलले. आठ वर्षं तुम्ही मशीनशी खोटं बोलताय, हेही बोलले. खिडकीपाशी दोन-तीन माणसं थांबून ऐकत होती, तरी बोलले.

"नव्या सिस्टीमवर एक खूण केली की नंबर कायमचा बंद होतो," मी म्हणाले. "कोणालाच जाणार नाही. एका मिनिटाचं काम आहे."

"मंग आठ वर्षांत कोणी काऊन नाई केलं?" त्यांनी विचारलं.

आमच्या विभागाचं कोणी आठ वर्षांत या खिडकीपर्यंत आलंच नव्हतं. पण उत्तर नसलं की माझा आवाज आणखी चढतो, ही माझी जुनी खोड. मी बजावून सांगितलं, रविवारी मशीन हलवणार आहे, त्या दिवशी तीनशे सतरा उतरवायचा नाही. त्यांनी मान हलवली. मी परत एकदा बजावलं. तेव्हा ते म्हणाले, "एकदा सांगतलं का झालं, मॅडम."

रविवारी दुरुस्तीची आणि पंपांची तेवढी माणसं असतात. सत्तावीस जण उतरले होते. तीन पस्तीसला देवरावभाऊ चिखलाचे बूट आपटत बत्तीघरात आले. बाकावर चारचे सहा पंपवाले डबे घेऊन बसले होते. मी लॅपटॉप उघडून तयार. भिंतीवर आकडा उतरत होता. सात, चार, तीन, दोन.

एक.

पाच मिनिटं गेली. एकच.

एरिया ऑफिसमधून साहेबांचा फोन आला. खाली माणूस नसताना पंप चालवायचे नाहीत असा नियम आहे, म्हणजे साडेतीनपासून पंप बंद आणि पाणी चढत होतं. "चारला माणसं खाली पाहिजेत," साहेब म्हणाले. "आणि तुमचं काम आज झालं पाहिजे. दहा आठवडे झाले, मॅडम. मला वर उत्तर द्यावं लागतं."

मी खिडकीकडे वळले. "खुर्शीदभाई, मी काय सांगितलं होतं?"

"मी नाई उतरवला त्याले," ते म्हणाले. ते बत्त्यांच्या रॅकसमोर उभे राहून एकेक खाना बोटाने मोजत होते. पण चारशे खान्यांतल्या साठ-सत्तर बत्त्या दुरुस्तीला गेलेल्या, कोणता खाना कशामुळे रिकामा आहे हे नुसतं पाहून कळायला मार्ग नव्हता. "हा एक कोणी दुसरा आहे."

"कोण दुसरा?"

"तेच पाहून राह्यलो."

"राहू द्या हो, मॅडम," देवरावभाऊ खुर्चीत बसत म्हणाले. "सवयीनं उतरवला असंन सकाळी. आठ वर्षाचा हात आहे, आपल्या मनानं चालते. तो एक तर राहतेच." त्यांनी रजिस्टर ओढलं, 'सगळे वर' लिहिलं आणि सही ठोकली. बाकावरचा एक पंपवाला हसला. "कुलदीपभाऊले सुट्टी नाई पाहिजे," तो म्हणाला.

मलाही तेच वाटलं. खरं सांगायचं तर मला तेच वाटून घ्यायचं होतं. म्हाताऱ्याने माझं ऐकलं नाही आणि आता तोंडावर नाही म्हणतोय, याचा मला इतका संताप आला होता की दुसरं काही मनात शिरायला जागाच नव्हती. जुन्या मशीनवर यादी उघडायची तर अर्धा तास, आणि प्रत क्लस्टरवर चालवून पाहायचं मनातच आलं नाही. घड्याळात तीन सत्तेचाळीस.

आकडा हाताने शून्य करायची एक आज्ञा असते. एक ओळ. ती देण्याआधी मी मशीनची आहे त्या स्थितीतली प्रत काढून क्लस्टरवर पाठवली, कारण बदल करण्याआधी प्रत काढायची हे हाताला लागलेलं वळण आहे. मग ती ओळ लिहिली आणि बटण दाबलं. भिंतीवर शून्य आलं. मी जुनं मशीन बंद केलं आणि ते हलवायला लावलं. टक्केवारी सरकायला लागली. दहा आठवड्यांत पहिल्यांदा मी पाठ टेकली.

तेवढ्यात खुर्शीदभाई खिडकीचं दार उघडून बाहेर आले. मी त्यांना कधी त्या दाराच्या अलीकडे पाहिलंच नव्हतं. त्यांनी माझ्या लॅपटॉपशेजारी रुमालात बांधलेलं काहीतरी ठेवलं आणि गाठ सोडली. आत बत्ती होती. पट्ट्यावर पांढऱ्या रंगाने लिहिलेलं, ३१७.

"काल रात्री घरी नेली," ते म्हणाले. "म्हटलं, इथी राह्यली तर सकाळी हात जाईन. बत्ती दाखवल्याबिगर तुमचं मशीन माणूस उतरवते का?"

नाही उतरवत. बारकोड दिसल्याशिवाय कोणाचीही नोंद होत नाही. मला हे माहीत होतं. त्या खोलीत सगळ्यांत जास्त मलाच माहीत होतं.

बाकावरची माणसं उभी राहिली. देवरावभाऊंनी आपल्या सहीकडे पाहिलं.

जुनं मशीन अर्ध्या वाटेवर होतं, ते परत चालू करायचं तर अकरा मिनिटं आणि वर यादीचा अर्धा तास. शिवाय त्यातली ती एक नोंद मी स्वतः पुसली होती. पण पुसण्याआधीची प्रत क्लस्टरवर पोचली होती. मी ती चालू केली. चाळीस सेकंद लागले. त्या चाळीस सेकंदांत मी कोणाकडेही पाहिलं नाही. यादी उघडली. एकच ओळ होती.

नंबर ११२६. इसरू आत्राम. कंत्राटी पंप खलाशी, म्हणजे पंपावरचा कामगार. सकाळी सात बावन्नला खाली.

मी नाव मोठ्याने वाचलं. बाकावरच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. "कोण इसरू?" एकाने विचारलं.

देवरावभाऊ उठले तेव्हा खुर्ची मागे पडली. "एटापल्लीकडचा," ते म्हणाले. "मीच त्याले खालच्या जुन्या पंपाकडे धाडलं होतं सकाळी. एकट्याले." मग त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि खिडकीवर हात पसरला. "बत्ती द्या, खुर्शीदभाई. लवकर."

जुना पंप खाणीच्या सगळ्यांत खालच्या टोकाला. तिकडे रविवारी एक माणूस जातो, पुढचा माणूस पुढच्या रविवारी. चारचे पंपवाले वरच्या पंपावरूनच परत फिरले असते. सहाही जण देवरावभाऊंबरोबर उतरले. खुर्शीदभाईंनी सात बत्त्या दिल्या, पण मशीन बंद असल्यामुळे दाखवायला काही नव्हतं. त्यांनी माझं पेन मागितलं आणि पुठ्ठ्यावर सात नावं लिहिली. वर आठवं लिहिलं, इसरू.

मी साहेबांना फोन केला. आज होणार नाही, मी म्हणाले. ते काहीतरी बोलत होते, मी फोन उलटा करून ठेवला.

तासाभराने त्यांनी इसरूला वर आणलं. जुन्या पाइपाचा तुकडा निसटून त्याच्या पायावर पडला होता आणि पाय खाली अडकला होता. पाणी छातीपर्यंत आलं होतं. तिशीचाही नसेल. ओठ पांढरेफटक, दात वाजत होते. स्ट्रेचरवरून तो देवरावभाऊंना एवढंच म्हणाला, "मी आवाज देऊन राह्यलो होतो." खुर्शीदभाईंनी त्याच्या टोपीची बत्ती काढून घेतली. ती अजून जळत होती. चंद्रपूरला नेईपर्यंत पाय वाचेल की नाही ते सांगता येत नव्हतं. पाय वाचला.

गाडी गेल्यावर खुर्शीदभाई बाकावर बसले. त्यांनी पुठ्ठा मांडीवर घेतला होता.

"मी उतरवला असता त्याले आज," ते म्हणाले, "तर दोन दिसले असते. तवा बी तुम्ही म्हटलं असतं का एक कुलदीप अन् दुसरी मशीनची गलती. नाई का?"

"असतं म्हटलं," मी म्हणाले.

"आठ वर्षं रोज एक दाखवला मी. मीच साऱ्याइले शिकवलं का एक म्हणजे कोणी नाई." ते रडत नव्हते. दाढीवरून हात फिरवत होते. मला त्यांच्या शेजारी बसायचं होतं, पण कोणत्या तोंडाने बसणार? खोटं बोलताय असं चारचौघांत मी त्यांना म्हटलं होतं, आणि त्या खोलीत त्या दिवशी खरं बोललेला तो एकच माणूस होता. माफी मागितली मी. ती त्यांनी ऐकली की नाही कोण जाणे.

मंगळवारी मला पत्र आलं. स्थलांतराच्या कामात वारंवार दिरंगाई, खुलासा सादर करावा. खुलाशात मी लिहिलं की आकडा मी हाताने शून्य केला. साहेबांनी बोलावून विचारलं, हे वाक्य ठेवायलाच पाहिजे का. ठेवा, म्हटलं.

पुढच्या रविवारी मी परत त्याच बाकावर लॅपटॉप घेऊन बसले. तीनशे सतरा नंबर बंद करायला नवी सिस्टीम मृत्यूची तारीख मागते. खुर्शीदभाईंनी ती सांगितली आणि मी भरली. ती बत्ती त्यांनी परत रॅकवर ठेवली नव्हती. कुठे ठेवली ते मी विचारलं नाही. भिंतीवरच्या स्क्रीनवर आता आकड्याखाली क्लस्टरवरच्या प्रतीतून आलेली नावंही दिसत होती, एवढं मी आठवडाभरात करून घेतलं होतं.

तीन चाळीसला शेवटचं नाव पुसलं गेलं. खाली: शून्य. त्या भिंतीवर माणसांनी आणलेलं शून्य मी पहिल्यांदाच पाहत होते. जुन्या डब्यातून शेवटचं मशीन सुटायला तयार होतं, फक्त देवरावभाऊंची सही हवी होती. ते रजिस्टर उघडून बसले होते आणि पेनाचं टोपण काढत नव्हते.

"देवरावभाऊ, शून्य आहे," मी म्हणाले. "नावं पण नाहीत. सही काऊन करत नाही?"

त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"त्या दिवशी बी शून्यच होतं, मॅडम," ते म्हणाले. "खाली माझी सही बी होती."

ते रजिस्टर काखेत घेऊन बाहेर गेले. खाणीच्या तोंडाशी पाळीची माणसं घरी जायला निघाली होती, त्यांना त्यांनी थांबवलं, रांगेत उभं केलं आणि सकाळच्या यादीवरून एकेकाचं नाव मोठ्याने घ्यायला सुरुवात केली. माणूस हो म्हणायचा, ते त्याच्या तोंडाकडे पाहायचे, मग खूण करायचे. माणसं वैतागली होती, घामाने चिकचिकत उभी होती, बसची वेळ होत होती. माझा फोन वाजत होता. मी तो वाजू दिला, आणि शेवटच्या, पंचविसाव्या नावापर्यंत बटणावरून हात बाजूला ठेवून ऐकत बसले.